पुढचं डावं चाक

४ ऑगस्ट

भावोजी,

खुशाली विचारली तर तुम्ही सांगणार नाही आणि आमची कळवली तर वाचणार नाही, म्हणून दोन्ही गाळते. फोन तर तुम्ही उचलतच नाही. कागद आला की निदान फाडण्यासाठी तरी तो हातात घ्यावा लागतो, या आशेवर लिहिते आहे. पत्ता कुणी दिला ते विचारू नका, त्या बिचाऱ्याची नोकरी तुमच्याच कारखान्यात आहे.

कामाचं सांगते. तुमची पिवळी गाडी माळ्यावरून खाली काढली आहे. हो, तीच. जिला लोक रिमोटवर पळणारं खेळणं म्हणून हसतात आणि जिने सहा वर्षांपूर्वी शर्यतीच्या वळणावर उभ्या असलेल्या मामंजींना पाडलं, ते पुन्हा अंथरुणातून उठले नाहीत. पहिल्याच पत्रात हे लिहायला नको होतं. पण त्या गाडीकडे बघितलं की तुम्हालाही तेच दिसणार आणि मलाही, मग झाकून कुणाचं भलं होणार आहे?

तुमच्या दादांनी मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत नाव दिलंय. तेही नवशिक्यांच्या वर्गात, जिथे सगळ्यांना किटातली साधी मोटर आणि एकाच जातीचे टायर. स्वतःची ती मिजासखोर कार्बनची गाडी विकून टाकली. म्हणाले, फार चपळ आहे. मी म्हटलं, गाडी चपळ झाली की तुम्ही मंद झालात? हसले नाहीत. हातातली ताकद कमी झाली आहे त्यांच्या, स्क्रूड्रायव्हर धरला की घरंगळतो. म्हणून हे खुर्चीत बसून हुकूम सोडतात, आणि दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या दांड्या सरळ करून आलेली मी घरी येऊन गाडीचे हातपाय सरळ करते.

किटातले नुसत्या स्प्रिंगचे दांडे काढून तेलाचे शॉक लावले. चाकांमध्ये प्लास्टिकच्या बुश होत्या, त्यांच्या जागी बेअरिंग घातली. पुढच्या डाव्या चाकाचा सांधा तुटलेलाच होता, तो नवा बसवला. जुना टाकवला नाही, पिशवीत घालून ठेवलाय. मोटरचा लहान गिअर आणि त्याच्या शेजारचा मोठा गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून अंतर लावलं, तुम्हीच मला ते एकदा दाखवलं होतं, आठवत असेल तर. दाते आता कुरकुरत नाहीत. पण वेग दिला की गाडी उजवीकडे ओढते, आणि वळणात नाक आत घ्यायच्या ऐवजी बाहेर फाकते. हे म्हणतात, रिमोटवरचं ट्रिमचं बटण फिरवून टाक. मी म्हणते, चष्मा तिरका बसला तर मान तिरकी करून चालायचं का? तुम्ही काय म्हणता ते कळवा.

आणि आडपडदा न ठेवता एक सांगते. मला उत्तरापेक्षा तुम्ही हवे आहात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शर्यत आहे, तुम्ही या. सहा वर्षांत ह्यांनी तुमचं नाव काढलेलं नाही. पण नवशिक्यांसाठी नवं किट बाजारात मिळत होतं, तरी माळ्यावर चढ आणि तीच काढ, हे मला त्यांनीच सांगितलं.

वहिनी


१९ ऑगस्ट

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, पुठ्ठ्याचा तुकडा. 'नाकाखाली मधोमध सुरीचं टोक लावून उचला. कुठलं चाक आधी सुटतं ते बघा. ट्रिमला हात लावू नका.' ना नमस्कार, ना सही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळ्या हलल्या बरं का.

दुकानातून जाड काच आणली, तिच्यावर गाडी ठेवली आणि सुरीने नाक उचललं. उजवं चाक लगेच सुटलं, डावं काचेला चिकटून बसलेलं. म्हणजे गाडीच्या अंगातच पीळ पडलेला. वरच्या झाकणाचे सगळे स्क्रू सैल केले, गाडी काचेवर दाबून धरली आणि कोपऱ्याला कोपरा असे समोरासमोरचे स्क्रू पुन्हा आवळले. मग दोन्ही चाकं एकदम उठली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. गाडीचा तरी गेला, घरातला आहे तिथेच आहे.

खाली वाहनतळावर चालवून बघितली. हे म्हणाले, "अजून उजवीकडे जातेय."

"गाडी सरळ आहे. तुमचं मनगट जातंय."

"मनगट माझं आहे, मला कळतं."

"मग गाडी माझी आहे, मलाही कळतं."

त्यावर त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चालव." चालवली. सरळ गेली. ते बघून त्यांनी तोंड फिरवलं, आणि मला वाटलं, जीभ कापून टाकावी माझी.

मागच्या पत्रात 'ताकद कमी झाली' एवढंच लिहिलं होतं. दया येऊन तुम्ही आलेलं मला नको होतं. आता तीही चालेल. दुखणं असं आहे की स्नायू हलवणाऱ्या नसाच मरत जातात. औषध नाही. हात गेल्यातच जमा आहेत, पाय लटपटतात, आणि आता जीभ जड व्हायला लागली आहे. फोनवर लोक विचारतात, साहेब प्यायलेत का? लिफ्टच्या दुरुस्तीला आता ह्यांना कुणी बोलावत नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, जे काही बोलायचं असेल ते आत्ता बोलून घ्या.

तेव्हा भावोजी, शर्यत हे निमित्त समजा. वाचा आहे तोवर या. तुम्हा दोघांमध्ये जे अडकलंय ते तोंडाने बोललात तरच सुटेल, आणि दोघांपैकी एकाचं तोंड आता उसन्या वेळावर चाललंय.

रिमोटवर स्टिअरिंगचा फेर कमी केला आहे आणि रिमोटवरचं चाक जरासं हललं तरी गाडी चटकन वळू नये असं लावलंय. वेगाचा घोडा, म्हणजे रिमोटवरचा बोटाने दाबायचा खटका, अर्ध्यावर बांधला, त्याची स्प्रिंग मऊ केली. लुळ्या हातालाही सांभाळून घेईल अशी गाडी करायची आहे. नाक मात्र अजून बाहेर फाकतं. पुढे मऊ स्प्रिंग घालू की मागे कडक?

वहिनी


७ सप्टेंबर

भावोजी,

पुढे मऊ, मागे तीच ठेवली, मागची चाकं किंचित आत वळवली. तुमचा पुठ्ठा बरोबर होता, नाक आत यायला लागलं. पण त्या पुठ्ठ्याच्या तळाशी तुम्ही जे एक वाक्य लिहिलंत, त्यावरच हे पत्र आहे. 'पुढचा डावा सांधा कोणी बसवला, स्क्रू नीट आवळलाय ना?'

सहा वर्षं तुम्ही हाच प्रश्न उशाशी घेऊन झोपताय, होय ना? स्क्रू रस्त्यावर सापडला, म्हणजे सैल होता. गाडी तुमची, बांधली तुम्ही, चालवत होतात तुम्ही. सरळ रस्ता संपून उजवं वळण आलं, सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर गेला, चाक निखळलं आणि गाडी बाहेर उडून मामंजींच्या नडगीवर. ते पडले ते खुब्यावर. सगळं सरळच दिसत होतं, मलाही दिसत होतं.

नवा स्क्रू किती खोल जातो ते पडताळायला म्हणून पिशवीतला जुना तुकडा दुकानात नेला आणि माझ्या भिंगाखाली धरला. स्क्रूच्या भोकात आटे जागेवर आहेत, झिजलेले नाहीत. सैल होऊन, खडखडून निघालेला स्क्रू आटे खाऊन जातो. इथे आटे शाबूत, आणि भोकाभोवती बारीक केसांसारखे तडे, चारी बाजूंनी. आणि आट्यांच्या तळाशी निळी खपली.

या तड्यांना मी झोपेतही ओळखेन. रिमलेस चष्म्याचा स्क्रू सुटू नये म्हणून नवशिका कारागीर त्याला निळं थ्रेडलॉक, आटे चिकटवणारं रसायन, लावतो. धातूत धातू असेल तर ते बरं, धरून ठेवतं. प्लास्टिकला मात्र ते आतून खातं. वरून काच ठणठणीत दिसते, आणि एक दिवस गिऱ्हाइकाच्या नाकावरच दोन तुकडे होतात. भावोजी, तुमचा स्क्रू सैल नव्हता. तो ज्याला धरून होता तेच फुटलं.

तुमच्याकडे थ्रेडलॉक कधी नव्हतं. ह्यांच्याकडे होतं, मोटर बसवायच्या स्क्रूंसाठी, माझ्याच दुकानातून आणलेलं. आणि तुम्ही आवळलेला प्रत्येक स्क्रू हे तुमच्यामागे पुन्हा आवळायचे, ते तुम्हालाही माहीत आहे. लहान भावाची काळजी म्हणा, नाहीतर अविश्वास म्हणा. अति तिथे माती.

घरी आले आणि तो तुकडा ह्यांच्या मांडीवर ठेवला. मग बोलले, सावकाश, एकेक शब्द ढकलत.

"तेव्हाच कळलं होतं मला. हातात घेतला तेव्हाच."

"आणि गप्प बसलात?"

"तो रडत होता. म्हणाला, दादा, मी आवळला होता रे. मी म्हटलं, मग निघाला कसा?"

"एवढं म्हटलंत त्याला?"

"एकदा तोंडातून गेलं ना, मग..." आणि पुढे म्हणाले, "वळणावर उभं राहायची पाळी पण माझी होती. बॅटरीची वायर डाग देत बसलो होतो. बाबांना म्हटलं, तुम्ही राहा थोडा वेळ उभे. स्क्रू पण माझा आणि जागा पण माझी. दोन्ही माझंच, असं कसं म्हणायचं ग?"

आपल्यात नियमच आहे, ज्याची शर्यत झाली त्याने पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. मामंजी शर्यतीत नव्हतेच, हौसेने यायचे. त्यांनी तिथे असायचं कारणच नव्हतं.

मी रागावले, भांडले, ताट आपटलं. शेवटी हे म्हणाले, "मी सांगेन त्याला. माझ्या तोंडाने सांगेन. तू लिहू नकोस." मी हो म्हटलं आणि बघा, लिहिते आहे. सहा वर्षं तुम्ही जे वाहिलंत ते आणखी एक दिवस वाहावं असं मला वाटत नाही. चूक तुमची नव्हती. पण ऐकायचं ते त्यांच्याकडून ऐका, म्हणून या.

वहिनी


२१ सप्टेंबर

भावोजी,

'दादाने स्वतः म्हणावं, माझ्यासमोर. मग बघू.' एवढंच लिहिलंत. कबूल. हट्ट रास्त आहे तुमचा. पण तुम्ही समोर आल्याशिवाय ते तुमच्यासमोर कसं म्हणतील?

फोन लावून दिला असता, पण त्याचा उपयोग नाही. आता ह्यांचं बोलणं माझ्याखेरीज कुणाला समजत नाही. ओठ जुळत नाहीत, 'प' आणि 'म' गेले. शेजारचे येतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात, काय म्हणाले, काय म्हणाले. मी सांगते. काल संध्याकाळी 'पाणी' म्हणाले ते मलासुद्धा दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

गाडी तयार आहे. चारी बाजूंची उंची सारखी केली, टायर घासून बसवले, गाडीचं वजन डावीकडे जास्त होतं म्हणून उजव्या कडेला शिशाची पट्टी चिकटवली. पण हे रिमोट धरू शकत नाहीत. घोड्यावरचं बोट दाबलं जातं, सुटत नाही. शिट्टीवाल्यांना, म्हणजे वेळ आणि निकाल बघणाऱ्या त्या गृहस्थांना, मी ते कळवलं. म्हणाले, त्यांच्या नावावर घरचं कुणीही चालवा, आम्ही हरकत घेणार नाही.

मी चालवेन, नाहीतर तुम्ही चालवा.

वहिनी


६ ऑक्टोबर

भावोजी,

पोहोचलात का नीट? परतताना चेहरा उतरलेला होता तुमचा, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुम्ही फाटकातून आत येताना मी तुम्हाला ओळखलंच नाही. केस किती पांढरे झाले हो, आणि लहान तुम्ही! ह्यांनी आधी ओळखलं. चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

रिमोट तुमच्या हातात दिला तेव्हा आधी रिमोट चालू, मग गाडी, हे तुम्ही पुटपुटलात, शाळेतल्या पोरासारखं. वर चालवणाऱ्यांच्या लोखंडी मचाणावर चढलात. मी खाली खुर्ची धरून उभी. पिवळी सुटली आणि पहिल्या वळणावर मी डोळे मिटले. आवाज ऐकत राहिले फक्त, ती फिरून पुन्हा आली, पुन्हा गेली. तुम्ही मुद्दाम वळणाआधी घोडा सोडत होतात ते कानाला कळत होतं. शेवटून दुसरे आलात. अशी सांभाळून घेणारी गाडी मी कधी चालवली नाही, असं खाली उतरून म्हणालात. सहा वर्षांत मला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती माझ्या गाडीला!

मग शिट्टी झाली आणि तुमची पाळी आली. मला वाटलं, आता हा माणूस निघून जाणार. पण तुम्ही पिवळं जाकीट चढवलंत आणि त्याच वळणावर जाऊन उभे राहिलात. पुढची शर्यत संपेपर्यंत हे तुमच्यावरून नजर काढत नव्हते.

त्यानंतरचं मी काय लिहू. तुम्ही खुर्चीसमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "दादा, बोल. मी आलोय." हे बोलले, दम घेत घेत, बराच वेळ. मी तुम्हाला सांगत गेले. स्क्रूला थ्रेडलॉक मी लावलं होतं. पाळीही माझी होती. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. चूक तुझी नव्हती. मला माफ कर. तुम्ही त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलंत आणि हे मोठमोठ्याने रडायला लागले, मान हलवत. शिट्टीवाले सुद्धा चष्मा पुसत होते.

दर रविवारी येतो म्हणालात. या. आंघोळीला उचलून नेणं मला एकटीला जमेनासं झालं आहे, आणि बाहेरचा माणूस हात लावायला आला की हे अंग ताठ करतात. तुमच्या हातात अंग सोडून देतील.

वहिनी


१८ नोव्हेंबर

भावोजी,

तुम्ही दर रविवारी येता, त्यांना उचलता, दाढी करून देता, पायाला तेल लावता. समोर बोलायला जमत नाही म्हणून आता हे लांबलचक पत्र पाठवलंत, पुठ्ठ्यावर नाही, चांगल्या कागदावर. 'दादाने त्या दिवशी जो मोठेपणा दाखवला तो माझ्याच्याने झाला नसता. त्याच्या त्या शब्दांमुळे मला पुन्हा झोप लागते. वहिनी, त्याला एवढं वाचून दाखवा की मी त्याला मनापासून माफ केलंय.'

वाचून दाखवलं. तुम्ही सांगितलंत म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी खोलीतून निघून येईपर्यंत उघडले नाहीत.

आता मी गप्प बसले तर ह्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

त्या दिवशी तुम्ही जे ऐकलंत, त्यातलं एक अक्षरही त्यांनी उच्चारलं नव्हतं. त्यांचं बोलणं फक्त मला समजत होतं. आधी ते म्हणाले, गाडी मागून थोडी उंच आहे. मग म्हणाले, तू बारीक झालास. मी वाट बघत होते. तुम्हीही बघत होतात, माझ्या तोंडाकडे. मी त्यांना म्हटलं, आता सांगा, आणि तुम्हाला वाटलं की मी त्यांना धीर देते आहे. मग त्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांग त्याला. जे झालं ते झालं. बाबांच्या बाबतीत मी त्याला माफ केलंय."

त्याला. माफ. केलंय. मला दोनदा विचारायची गरज नव्हती, ओठ जुळत नसूनही स्पष्ट होतं सगळं.

मला खरंच कळत नाही, भावोजी, ते घाबरले की सहा वर्षांत त्यांना तेच खरं वाटायला लागलं होतं. घरी माझ्यासमोर कबूल केलेला माणूस तुम्ही समोर येताच पुन्हा थोरला भाऊ झाला. आणि तुम्ही जमिनीवर बसलेले, मान वर करून. तुम्हाला हे वाक्य सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असतात, आणि ते बरोबरच झालं असतं. मला ते बघवलं नसतं. म्हणून त्यांनी जे म्हणायला हवं होतं ते मीच म्हटलं, त्यांच्या नावाने.

ते रडले नव्हते. मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होते. तुमचं डोकं त्यांच्या गुडघ्यावर होतं, आणि ते ओरडून ओरडून सांगत होते की मी असं बोललो नाही. तिथे एवढी माणसं होती. प्रत्येकाला वाटलं, बिचारा किती रडतोय.

डॉक्टर म्हणतात, वाचा त्याच आठवड्यात गेली. मी त्यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टीवाले चौकशीला आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि आतून मला ऐकू आलं, हे त्यांना म्हणाले, "बसा." त्यांना न समजल्यामुळे पुन्हा म्हणाले. मी पाणी घेऊन बाहेर आले तर गप्प झाले. त्यानंतर जे काही थोडे शब्द शिल्लक होते, त्यातला एकही त्यांनी मला दिला नाही. आता तर घशातून आवाजही येत नाही.

चूक तुमची नव्हती, हे खरं आहे. तो तुकडा पिशवीत आहे, कधीही येऊन भिंगातून बघा. त्यांनी माफी मागितली, हे खोटं आहे, आणि ते माझं आहे. तुम्ही ज्या शब्दांवर त्यांना माफ केलंत ते शब्द त्यांचे नव्हते, तेव्हा माफी परत घ्यायची असेल तर घ्या. मला दोष द्यायचा असेल तर तोही द्या. येत्या रविवारी यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आंघोळीचं पाणी तापवून ठेवेन.

आलात तर एवढंच करा. त्यांना उचलताना तुम्ही दर वेळी म्हणता ना, 'दादा, मी कधीच माफ केलंय रे तुला', ते पुन्हा म्हणू नका. त्यांना सगळं ऐकू येतं. तुम्ही तसं म्हणालात की ते तुमच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहतात.

वहिनी